गावाचं नाव की शेताचं? बर्गंडीच्या बाटलीवरची प्रतवारी पायरीपायरीने

दुकानातल्या फळीवर दोन बाटल्या शेजारी उभ्या आहेत. एकीवर लिहिलंय जेव्रे-शाँबेर्तँ, दुसरीवर शार्म-शाँबेर्तँ. दोन्ही लाल, दोन्ही पिनो न्वार या एकाच जातीच्या, दोन्हींची द्राक्षं एकाच गावच्या शिवारातली. पण दुसरीची किंमत पहिलीपेक्षा कितीतरी जास्त. नव्या माणसाला वाटतं, दुसरी कुठल्या तरी बड्या घराण्याची असणार. तसं असेलच असं नाही. दोन्ही बाटल्या एकाच शेतकऱ्याच्या, एकाच तळघरात मुरलेल्या असू शकतात. फरक इतकाच, की पहिलीवरचं नाव गावाचं आहे आणि दुसरीवरचं त्या गावातल्या एका शेताचं.

फ्रान्सच्या पूर्वेकडच्या बर्गंडी प्रांताची, म्हणजे फ्रेंचांच्या बुर्गोन्यची, सगळी प्रतवारी या फरकावर उभी आहे. इथे मान जमिनीला मिळतो, वाईन करणाऱ्याला नाही. आणि नावातली जमीन जितकी लहान, तितका तिचा मान मोठा. एवढं मनात पक्कं ठेवलं तर फ्रेंच न येताही ही बाटली वाचता येते. कशी, ते क्रमाने पाहू.

आधी जुनी सवय बाजूला ठेवा

आपल्यापैकी बहुतेकांची वाईनशी ओळख नाशिकच्या बाटलीपासून होते. तिच्यावर ठळक अक्षरात कंपनीचं नाव आणि खाली द्राक्षाची जात: सोव्हिन्यो ब्लाँ, शिराझ, शेनाँ ब्लाँ. जात बघून बाटली उचलायची आपल्याला सवय होते. बर्गंडीच्या वरच्या दर्जाच्या बाटलीवर जात बहुधा लिहिलेलीच नसते, कारण गावाच्या नावातच ती आली असं धरतात. लाल असेल तर पिनो न्वार आणि पांढरी असेल तर शार्दोने, हे गृहीत धरून चाला. सुरुवातीला एवढं पुरतं. अलिगोते नावाची आणखी एक पांढरी जात आहे, ती बहुतेक वेळा बाटलीवर स्वतःच्या नावानेच येते. गामे ही लाल जात तर बर्गंडीचा ड्यूक फिलिप ल आर्दी याने 1395 साली फर्मान काढून आपल्या मुलखातून हद्दपार करायला सांगितली होती. ती आजही बर्गंडीच्या दक्षिण भागात भेटते, पण वरच्या पायऱ्यांवर तिला जागा नाही.

दुसरी सवय बोर्दोची, म्हणजे फ्रान्सच्या दुसऱ्या नामवंत वाईन मुलखाची. बोर्दोतली 1855 ची प्रसिद्ध यादी शातोंची, म्हणजे घराण्यांची आहे. बोर्दोच्या मेदोक भागातल्या, त्या यादीतल्या शातोने आपल्याच हद्दीतली शेजाऱ्याची जमीन विकत घेतली, तर त्या जमिनीच्या वाईनलाही शातोचा दर्जा लागू होऊ शकतो. बर्गंडीत हे उलटं आहे. कुणीही जमीन घ्या, कुणीही विका, दर्जा त्या मातीला चिकटलेला राहतो.

पायरी पहिली: ‘क्लिमा’ म्हणजे काय ते समजून घ्या

फ्रेंचमध्ये क्लिमा या शब्दाचा नेहमीचा अर्थ हवामान. बर्गंडीत मात्र क्लिमा म्हणजे नाव असलेला, हद्द ठरलेला, शतकानुशतकं वेगळा ओळखला गेलेला जमिनीचा तुकडा. आपल्याकडे सात-बारावर गट नंबर असतो, पण घरात कुणी तो नंबर बोलत नाही. ‘चिंचेचं’, ‘ओढ्याकाठचं’, ‘माळावरचं’ असंच म्हणतात. तशीच ही नावं. मेर्सो गावातल्या पेरिएर या क्लिमाच्या नावात दगडाच्या खाणी आहेत, जनेव्रिएरच्या नावात ज्युनिपरची झुडपं. बर्गंडीच्या उत्तरेकडच्या शाब्लीत नदीकाठच्या एका उताराचं नाव ग्रनूय, म्हणजे बेडूक. नावात ‘क्लो’ आलं तर ती एके काळी भिंतीचं कुंपण घातलेली बाग समजायची. एकट्या कोत द न्वी आणि कोत द बोन या दोन पट्ट्यांत असे 1,247 क्लिमा मोजले आहेत, आणि 2015 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

इतकी बारीक वाटणी कशासाठी? बर्गंडी थंड मुलूख आहे. पिनो न्वार इथे जेमतेम पिकते, कधी कधी तेवढीही नाही. अशा ठिकाणी थोडं जास्त ऊन, थोडा बरा निचरा एवढ्यानेच फळ पिकणार की कच्चं राहणार ते ठरतं. मुख्य टेकडी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे आणि तिचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणजे सकाळचं ऊन थेट वेलींवर. पायथ्याला माती खोल आणि चिकण, पाणी साचून राहतं. माथ्यावर मातीचा थर पातळ, वारा बोचरा. मधल्या उतारावर चुनखडीचा दगड आणि माती यांचं प्रमाण जमतं, पाणी निथळून जातं, मुळं खाली शिरतात. चांगल्या क्लिमांची माळ याच मधल्या पट्ट्यातून जाते.

हे कुणी प्रयोगशाळेत बसून शोधलेलं नाही. मध्ययुगात इथल्या मोठ्या बागा मठांकडे होत्या. 1098 साली स्थापन झालेल्या सीतोच्या मठातले सिस्टर्शियन साधू पिढ्यानपिढ्या एकाच उतारावर काम करत राहिले, आणि कुठल्या बांधाच्या अलीकडची वाईन पलीकडच्यापेक्षा वेगळी लागते ते त्यांच्या जिभेवर बसत गेलं. 1855 मध्ये डॉक्टर झ्युल लाव्हाल यांनी कोत दोरच्या (म्हणजे कोत द न्वी आणि कोत द बोन मिळून) बागांची प्रतवारी छापली, 1861 मध्ये बोनच्या शेतकी समितीने तिच्या आधारे नकाशा काढला, आणि 1935 च्या कायद्याने फ्रान्सभर ‘आपेलासियाँ’ची सरकारी पद्धत आली तेव्हा पुढच्या वर्षांत बर्गंडीच्या हद्दी याच जुन्या जाणिवेवर बेतल्या गेल्या. आपेलासियाँ म्हणजे कायद्याने राखलेलं भौगोलिक नाव. ते बाटलीवर लावायचं तर द्राक्षं त्याच हद्दीतली हवीत, जात ठरलेली हवी, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा पाळायला हवी, छाटणीही सांगितल्याप्रमाणेच. देवगडचा म्हणून कर्नाटकातला आंबा विकला गेला की आपला जीव जसा तळमळतो, तशाच तळमळीतून हा कायदा जन्माला आला. बर्गंडीच्या नावाखाली दूरदूरची स्वस्त वाईन तेव्हा सर्रास खपवली जात होती.

पायरी दुसरी: चार पायऱ्या पाठ करा

बर्गंडीत आज 84 आपेलासियाँ आहेत: 7 प्रांताच्या, 44 गावांच्या आणि 33 ग्राँ क्र्यूच्या. गावांच्या पोटात प्रमिए क्र्यू धरला की खालून वर चार पायऱ्या होतात.

सगळ्यात खाली प्रांत. नावात बहुधा बुर्गोन्य हा शब्द असतो. द्राक्षं प्रांतात कुठूनही आलेली चालतात, निदान नियमाने. बर्गंडीची निम्म्याहून जास्त वाईन याच पायरीवरची आहे. बुडबुड्यांची क्रेमाँ द बुर्गोन्य, बुर्गोन्य अलिगोते, दक्षिणेची माकाँ याही इथेच.

त्यावर गाव. पोमार, व्होल्ने, मेर्सो, मेर्क्युरे, जेव्रे-शाँबेर्तँ. द्राक्षं त्या गावच्या ठरवलेल्या हद्दीतलीच.

त्यावर प्रमिए क्र्यू: गावातले निवडक क्लिमा. इथे थोडं थांबा, कारण नवी माणसं याच शब्दावर फसतात. प्रमिए म्हणजे ‘पहिला’, पण बर्गंडीत हा दर्जा दुसरा आहे. बाटलीवर आधी गावाचं नाव येतं, मग प्रमिए क्र्यू हे शब्द, मग क्लिमाचं नाव. बरेचदा प्रमिए अक्षरात न लिहिता 1 हा आकडा आणि त्याच्या खांद्यावर दोन बारीक अक्षरं असतात. क्लिमाचं नावच नसेल, नुसतंच गाव आणि प्रमिए क्र्यू असेल, तर ती एकाच गावातल्या दोन-चार प्रमिए क्र्यू शेतांची मिसळ असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात वर ग्राँ क्र्यू. एकूण 33: कोत द न्वीमध्ये 24, कोत द बोनमध्ये 8 आणि शाब्लीत 1. उत्पादन सगळ्या बर्गंडीच्या एक टक्क्याच्या आसपास. कोत द न्वीच्या लाल ग्राँ क्र्यूला हेक्टरी साधारण 35 ते 37 हेक्टोलीटरची मर्यादा असते (एक हेक्टोलीटर म्हणजे 100 लिटर). साध्या बुर्गोन्यला त्याहून बरंच जास्त काढता येतं. शाब्ली सोडली तर ग्राँ क्र्यूच्या बाटलीवर गावाचं नाव नसतंच. नुसतं शाँबेर्तँ, नुसतं म्युझिन्यी, नुसतं माँराशे. शेताचं नाव एवढं मोठं झालं की गाव सांगायची गरजच उरली नाही.

एक सावधगिरी: ग्राँ क्र्यू हे शब्द फ्रान्समध्ये सगळीकडे याच अर्थाने वापरत नाहीत. शाँपान्यमध्ये, म्हणजे शॅम्पेनच्या प्रांतात, ग्राँ क्र्यू ही अख्खी गावं असतात, 17 गावं. बोर्दोच्या सँतेमिल्योंमध्ये ‘ग्राँ क्र्यू’ लिहिलेल्या बाटल्या ढिगाने मिळतात आणि त्यांचा अर्थ फार माफक असतो. बर्गंडीचं मोजमाप घेऊन तिकडे जाऊ नका.

पायरी तिसरी: जोडनावांचं कोडं सोडवा

आता पहिल्या दोन बाटल्यांकडे परत येऊ. जेव्रे या गावाचं नाव पूर्वी नुसतं जेव्रे होतं. शाँबेर्तँ हे त्या गावातलं नामांकित शेत. 1847 मध्ये गावाने परवानगी घेऊन आपल्या नावापुढे शेताचं नाव जोडलं आणि गाव जेव्रे-शाँबेर्तँ झालं. मग शेजारची गावं कशी मागे राहतील? शाँबोलने म्युझिन्यी जोडलं, व्होनने रोमाने. प्युलिन्यी आणि शासान्य या दोन्ही गावांच्या हद्दीत माँराशे थोडं थोडं येतं, म्हणून 1879 मध्ये दोघांनीही तेच नाव उचललं.

म्हणून जोडनावातला दुसरा भाग पाहून हुरळून जायचं नाही. पाहायचा तो पहिला भाग. हे सात शब्द लक्षात ठेवा: जेव्रे, मोरे, शाँबोल, व्होन, अलॉस, प्युलिन्यी, शासान्य. जोडनाव यांपैकी एकाने सुरू होत असेल तर ते गावाचं नाव. पुढे प्रमिए क्र्यू लिहिलेलं नसेल तर वाईन गावाच्या पायरीवरची. आणि पहिला शब्द यांतला नसून पुढे शाँबेर्तँ किंवा माँराशे आलं, म्हणजे शार्म-शाँबेर्तँ, ग्रियोत-शाँबेर्तँ, बातार-माँराशे, शव्हालिए-माँराशे, तर ते ग्राँ क्र्यू.

एकट्या जेव्रेत 9 ग्राँ क्र्यू आहेत आणि नऊच्या नऊ नावांत शाँबेर्तँ आहे. त्यातही मान राखण्याची एक रीत आहे. शाँबेर्तँ-क्लो द बेझची वाईन नुसती शाँबेर्तँ म्हणून विकता येते, पण शाँबेर्तँची वाईन क्लो द बेझ म्हणून नाही. मला हा नियम फार आवडतो. एकमेकांना लागून असलेल्या दोन शेतांमध्ये कोणी कोणाचं नाव घ्यायचं, एवढ्याचाही इथे कायदा आहे.

पायरी चौथी: नकाशा उघडा आणि एक उतार चढा

वाचून जे डोक्यात बसत नाही ते नकाशावर बोट फिरवलं की बसतं, माझं तरी तसंच झालं. व्होन-रोमाने गाव शोधा. पूर्वेला दिजाँहून बोनकडे जाणारा मोठा रस्ता दिसेल. त्या रस्त्याच्या पलीकडे, सपाटीवर, बहुतेक साध्या बुर्गोन्यच्या वेली. रस्ता ओलांडून गावाकडे आलात की गावाच्या पायरीची शेतं. गाव ओलांडून पश्चिमेला निघा. शेवटच्या घरांना लागूनच रोमाने-सँ-व्हिव्हाँ हे ग्राँ क्र्यू सुरू होतं. अरुंद वाट, कमरेच्याही खाली राहणारी दगडी भिंत, तिच्यावर उंच दगडी क्रूस. भिंतीपलीकडचं शेत म्हणजे रोमाने-काँती. क्षेत्र 1.81 हेक्टर, म्हणजे साडेचार एकरांच्या आत. जगातल्या सगळ्यात महागड्या वाईनपैकी एक इथे पिकते, आणि समोर दिसतात त्या गुडघ्या-मांडीएवढ्या वेलींच्या ओळी, तांबूस माती, मधूनमधून चुनखडीचे पांढुरके खडे.

त्याच्या डोक्यावर ला रोमाने: 0.85 हेक्टर, बर्गंडीतलं सगळ्यात लहान ग्राँ क्र्यू. आणखी वर चढलात की ओ रेन्यो, हा प्रमिए क्र्यू. म्हणजे मधला उतार संपला, दर्जा एक पायरी उतरला. त्याच्यावर झाडी. मोठ्या रस्त्यापासून झाडीपर्यंत पायी फार तर अर्धा तास, आणि तेवढ्यात चारही पायऱ्या पायाखालून गेलेल्या असतात.

या उतारावर ला ताश आणि रोमाने-काँती यांच्यामध्ये ला ग्राँद र्यू नावाची एक लांबट पट्टी आहे. दोन्ही बाजूंना ग्राँ क्र्यू आणि मध्ये ही मात्र कित्येक दशकं प्रमिए क्र्यू. कारण मातीत नव्हतं; 1930 च्या दशकात मालकाने वरच्या दर्जासाठी मागणीच केली नव्हती. शेवटी 1992 मध्ये तिला ग्राँ क्र्यू केलं. दर्जा जमिनीचा असला तरी तो नोंदवणारी माणसंच असतात, हे विसरू नये. जेव्रेतला क्लो सँ-झाक आजही प्रमिए क्र्यू आहे, पण जाणकार त्याला शेजारच्या ग्राँ क्र्यूंच्या पंक्तीत बसवतात, आणि त्याचा भावही तसाच असतो.

पायरी पाचवी: वेगळी वागणारी ठिकाणं

शाब्ली मुख्य बर्गंडीपासून सुटी, उत्तरेला आहे. इथे फक्त शार्दोने. जमिनीत इवल्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, किमेरिजियन म्हणतात त्या मातीत. पायऱ्या चारच, पण नावं निराळी: पती शाब्ली, शाब्ली, शाब्ली प्रमिए क्र्यू, शाब्ली ग्राँ क्र्यू. पती म्हणजे लहान. ग्राँ क्र्यू कायद्याने एकच आहे; स्रँ नदीच्या उजव्या काठावरचा एक उतार, साधारण 100 हेक्टर, त्यात 7 क्लिमा. कोत दोरमध्ये ग्राँ क्र्यूच्या बाटलीवरून गावाचं नाव गळतं, शाब्लीत ते राहतं: शाब्ली ग्राँ क्र्यू ले क्लो, असं पूर्ण.

कोर्ताँच्या टेकडीवर लाल आणि पांढरं दोन्ही ग्राँ क्र्यू होतं, आणि कोर्ताँ हे कोत द बोनमधलं लाल वाईनचं एकमेव ग्राँ क्र्यू. पोमार, व्होल्ने, मेर्सो, न्वी-सँ-जॉर्ज या नामवंत गावांना एकही ग्राँ क्र्यू नाही, म्हणून त्यांना कमी लेखू नका.

दक्षिणेला कोत शालोनेझमध्ये ग्राँ क्र्यू नाहीत, पण र्युली, मेर्क्युरे, जिव्री, माँतान्यी इथे प्रमिए क्र्यू आहेत. त्याच्याही खाली माकोने. तिथे प्रमिए क्र्यू नव्हतेच. 2020 च्या हंगामापासून पुयी-फ्विसेमधल्या 22 क्लिमांना तो मिळाला. प्रतवारी म्हणजे दगडावरची रेघ नाही, ती अजूनही हलते.

पायरी सहावी: आता माणसाचं नाव वाचा

इतका वेळ मी जमीन जमीन करतोय, पण बाटली घ्यायची वेळ आली की करणाऱ्याचं नाव जमिनीइतकंच मोलाचं ठरतं. क्लो द वूजो पाहा, म्हणजे कारण कळेल.

सीतोच्या साधूंनी भिंत घालून बंदिस्त केलेली ही बाग 50 हेक्टरांहून थोडी जास्त. राज्यक्रांतीत मठाच्या मालमत्ता जप्त होऊन विकल्या गेल्या, तीही विकली गेली.  नंतर नेपोलियनच्या वारसा कायद्याने सगळ्या मुलांना, मुलींनाही, वाटा द्यायची सक्ती आली. पुढच्या वाटण्या आपल्याला वेगळ्या सांगायला नकोत. आज या एका भिंतीच्या आत सुमारे 80 मालक आहेत. कुणाकडे मोठा तुकडा, कुणाकडे वेलींच्या मोजक्या ओळी. बागेचं वरचं टोक म्युझिन्यी आणि ग्राँ-एशझोला भिडतं, तिथे चुनखडी आणि चांगला निचरा. खालचं टोक मोठ्या रस्त्याला टेकतं, तिथली माती जड आणि ओली. पण कायद्याने वरपासून खालपर्यंत सगळं ग्राँ क्र्यू. वरच्या टोकाचा कष्टाळू मालक आणि खालच्या टोकाचा निष्काळजी मालक, दोघांच्या बाटलीवर तेच नाव.

म्हणून चांगल्या हाताची गावची वाईन आळशी हाताच्या ग्राँ क्र्यूला मागे टाकते, आणि हे क्वचित नाही, नेहमी घडतं. बाटलीवर ‘दोमेन’ असेल तर बहुधा स्वतःच्या वेली, स्वतःचं तळघर. ‘नेगोसियाँ’ म्हणजे व्यापारी. तो द्राक्षं, रस किंवा तयार वाईन विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीबंद करतो. व्यापारी म्हटला की वाईट असं मुळीच नाही. बोनमधली काही जुनी व्यापारी घराणी स्वतःच मोठी बागायतदार आहेत. ‘मोनोपोल’ हा शब्द दिसला तर अख्खा क्लिमा एकाच मालकाचा.

पायरी सातवी: बाटली हातात घेऊन वाचा

क्रम असा ठेवा. मोठ्या अक्षरांकडे लगेच बघू नका. आधी ‘आपेलासियाँ’ आणि ‘काँत्रोले’ या दोन शब्दांच्या मध्ये काय लिहिलंय ते शोधा. तीच कायद्याची ओळ, तिथे चलाखी चालत नाही. मध्ये बुर्गोन्य असेल तर प्रांत, गावाचं नाव असेल तर गाव, गावाबरोबर प्रमिए क्र्यू असेल तर तो, आणि एकट्या शेताचं नाव असेल तर ग्राँ क्र्यू.

मग वरचं नाव पाहा. गावाच्या वाईनवरही कधी कधी शेताचं नाव असतं, पण प्रमिए क्र्यूचा शब्द नसतो. त्याला ‘लिय-दी’ म्हणतात: नाव आहे, दर्जा नाही. अशा बाटल्या मला फार प्रामाणिक वाटतात. शेतकरी सांगत असतो, दर्जा नसू दे, हे शेत वेगळं आहे.

त्यानंतर करणाऱ्याचं नाव, मग साल. 2016 आणि 2021 मध्ये वसंतातल्या गोठलेल्या दवाने कोवळे कोंभ जाळले आणि उत्पादन घटलं. अशा सालांच्या बाटल्या कमी आणि महाग असतात. ‘व्हिएय व्हीन्य’ म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या म्हणजे जुन्या याचा कायदा नाही. ‘ग्राँ व्हँ द बुर्गोन्य’ हे शब्द तर कुठल्याही पायरीवर दिसतील. ते वाचून सोडून द्या.

पायरी आठवी: पहिल्या तीन बाटल्या

ग्राँ क्र्यूपासून सुरुवात करू नका. पैसे जातील आणि तुलना करायला हाताशी काही नसेल. शिवाय तरुण ग्राँ क्र्यू बहुधा मिटलेलं असतं. उघडायला दहा-पंधरा वर्षं घेतं.

पहिली बाटली एखाद्या चांगल्या दोमेनची साधी बुर्गोन्य. शितावरून भाताची परीक्षा इथे खरोखर होते: जो शेतकरी सगळ्यात खालच्या पायरीच्या वाईनमध्ये हात आखडता घेत नाही, तो वरही घेत नाही. मेर्सो किंवा जेव्रेतल्या दोमेनची बुर्गोन्य बरेचदा त्याच गावाच्या खालच्या सपाटीवरून आलेली असते, नियमाने तिला गावाचं नाव लावता येत नाही एवढंच.

दुसरी त्याच दोमेनची, त्याच सालची, गावाच्या पायरीवरची. दोन्ही एकाच संध्याकाळी, शेजारी शेजारी दोन ग्लासांत. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा. पायऱ्यांमधला फरक बहुतेकदा वासापेक्षा या रेंगाळण्यात आधी कळतो.

तिसरी प्रमिए क्र्यू, पण जिथली किंमत अजून आवाक्यात आहे अशा गावाची. लाल हवी तर मेर्क्युरे, जिव्री किंवा साव्हिन्यी-ले-बोन. पांढरी हवी तर सँतोबँ. तिथला आँ रमिली हा क्लिमा शव्हालिए-माँराशेच्या जवळच, त्याच टेकडीच्या अंगाला आहे. पुण्या-मुंबईत उघडणार असाल तर लाल वाईनही तासभर फ्रीजमध्ये ठेवा. ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे तिथल्या दगडी घरांतलं, आपल्या मे महिन्यातलं नव्हे. पिनो न्वार 14 ते 16 अंशांना बोलते, 30 अंशांना तिची नुसती दारू होते. पांढरी 11 ते 13 अंशांना. बाटली रिकामी झाली की लेबलचा फोटो काढून ठेवा आणि त्याच्याखाली आपेलासियाँच्या ओळीतलं नाव, दोमेन आणि साल एवढं तीनच शब्दांत लिहा. पुढच्या वेळी दुकानात तोच फोटो दाखवून विचारा: याच शेतकऱ्याची, एक पायरी वरची आहे का?